घरी जुनी राजदूत दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेत आमच्या घराच्या मागच्या पडवीत बाबांची १९७९ सालची राजदूत मोटारसायकल ताडपत्रीखाली २१ वर्षं उभी होती. दोन हिवाळे खपून मी ती चालती केली. आता सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी ती लावली की कुणी ना कुणी थांबतं, टाकीवरून हात फिरवतं आणि म्हणतं, आमच्याकडेही एक पडून आहे. पुढचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवते.

पहिल्यांदाच हात घालायचा तर कोणती गाडी बरी?

घरात असेल ती. घरातल्या गाडीचे कागद सापडतात, तिचा इतिहास सांगणारं माणूस असतं आणि काम कंटाळवाणं झालं तरी ती टाकवत नाही.

विकतच घ्यायची असेल तर मी राजदूत १७५ सुचवेन. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ती इथे आणली. १७३ सीसीचं एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीन गिअर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, म्हणजे खोलायला-जोडायला भाग कमी. माळव्यात दुधाच्या कॅन लादून वर्षानुवर्षं ज्या गाड्या धावल्या त्यांत हिचा नंबर वरचा, त्यामुळे तिची नस ओळखणारे मिस्त्री अजून भेटतात. यामाहा आरएक्स १०० (९८ सीसी, १९८५ ते १९९६) सुंदर गाडी आहे, पण तिच्या मागे सगळे लागल्याने भाव चढलेत आणि इकडचे-तिकडचे भाग जोडून केलेल्या गाड्याही फार फिरतात. म्हैसूरच्या जावा-येझदी २५० सीसीच्या. त्यांचं काम करताना मजा येते, पण त्या दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवा.

विकत घेण्याआधी काय बघायचं?

आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. एक आकडा जरी जुळत नसला तरी हात जोडून परत या. त्यानंतर गाडी अंगाने पूर्ण आहे का ते बघा. इंजिन बिघडलेलं चालेल, ते दुरुस्त होतं. पण टाकीवरचा बिल्ला, हेडलाइटची वाटी, साइड कव्हर, टूलबॉक्सचं झाकण, टाकीचं टोपण या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी नसल्या तर त्या शोधण्यात महिनेच्या महिने जातात. गंजलेली पण पूर्ण गाडी ही चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा नेहमी चांगली.

आरसीची मुदत संपली आहे. आता काय?

पान्याला हात लावायच्या आधी हे काम करा. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फॉर्म २५. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असून ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. विकत घेतली असेल तर २९ आणि ३०, आणि दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणली असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत.

जुन्या वहीतल्या नोंदी पुष्कळदा संगणकावर चढलेल्याच नसतात. तुमची तशी असेल तर आधी ती नोंद चढवायचा अर्ज करावा लागतो आणि त्यात वेळ जातो. आमच्या गाडीचं मी हेच आधी केलं नाही. इंजिन तयार होऊन चार महिने झाले तरी गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. बाबा रोज संध्याकाळी पडवीत येऊन एकदा किक मारून इंजिनचा आवाज ऐकायचे आणि आत जायचे.

व्हिंटेज नोंदणी म्हणजे काय? ती घ्यावी का?

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही तरतूद आली. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. भाजी आणायला गाडी हवी असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. पण हा नियम डोक्यात असू द्या. पुढे गाडीचं रूप बदलण्याच्या प्रश्नात तो पुन्हा येतो.

काम कुठून सुरू करायचं?

मोबाइलपासून. नट सोडण्याआधी त्या जागेचे चार बाजूंनी फोटो काढा, विशेषतः वायरिंगचे आणि केबल कुठून कशी वळते त्याचे. सुटा झालेला प्रत्येक भाग पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी: ‘मागचं मडगार्ड, डावी बाजू, २ बोल्ट, १ लांब नट’. लांब-आखूड लिहिलंत तर वर्षभराने स्वतःचेच आभार मानाल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. रंगापासून सुरुवात करू नका. आधी गाडी आहे त्या अवतारात चालू करा, गंजलेली, धुळीची, फाटक्या सीटची. ती चालली की काय दुखतंय ते तीच सांगते, मग खोला. रंगवून ठेवलेल्या फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा इंजिन काढ-घाल करणं म्हणजे नव्या रंगावर स्वतःच्या हाताने ओरखडे ओढणं.

किक खालीच जात नाही. इंजिन जाम आहे का?

बहुधा पिस्टन सिलिंडरला धरून बसलाय. किकवर उभं राहून जोर लावू नका, किकचे दाते तुटतात. प्लग काढून भोकातून निम्मं डिझेल आणि निम्मं पातळ तेल असं मिश्रण ओता आणि विसरून जा. रोज एकदा टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलकेच डोलवा. आमचं इंजिन अकराव्या दिवशी सुटलं. पंधरा दिवसांत नाही हललं तर हेड काढा, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा धरा आणि हळू ठोका.

इंजिन पूर्ण खोलायलाच हवं का?

इतकी वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकचं, हो. कारण ऑइल सील. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील वाळून कडक होतात. मॅग्नेटच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचा सील गेला की तिथून हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस धरते आणि एखाद्या दुपारी पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचा गेला की इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दोन स्वस्त सीलांपायी अख्खा पिस्टन जाऊ द्यायचा नाही.

मला हे काम आमच्या गल्लीतल्या काकांनी शिकवलं. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडेपर्यंत ते तिथे फिटर होते. त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी कुठल्याही मिस्त्रीकडे गेलात तरी स्वतः तपासा.

पहिली, पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने मोठे मिळतात. आधी पिस्टन आणा, मग तो हातात देऊन त्याच्या मापाने सिलिंडर आतून बोअर करून (कातून) घ्या. उलटं करू नका. दुसरी, बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा धारदार राहतात. त्या बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने किंचित गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. लेथवाले हे पुष्कळदा करत नाहीत. काका मला डोळे मिटून पोर्टच्या कडेवरून करंगळी फिरवायला लावत. बोटाला टोचलं की अजून घासा. तिसरी, रिंगची दोन टोकं पिस्टनमधल्या बारीक पिनेवरच बसली पाहिजेत आणि पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. एवढ्या बोअरला साधारण ०.२ ते ०.३ मिमी असावी.

क्रँक दाबून कनेक्टिंग रॉड बदलणं आणि क्रँक सरळ करणं मात्र घरचं काम नाही. त्याला प्रेस लागतो आणि हात बसलेला माणूस लागतो. सांवेर रोड आणि पोलो ग्राउंडच्या बाजूला अशी लेथची कामं करणारे आहेत. दोन-चार जुन्या गाडीवाल्यांना विचारून जा.

टाकी आतून गंजली आहे. फेकायची का?

अजिबात नाही. मूळ टाकीचा आकार आणि पत्रा आज बाजारात मिळणाऱ्या टाक्यांत नाही.

आधी कॉक काढा, टाकी दोन-तीनदा साबणाच्या पाण्याने धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण जाऊ द्या. मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा आत टाकून खळखळवा, सुटा गंज पडून जाईल. मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. सियागंजमध्ये किराण्याच्या ठोक दुकानात ते किलोवर मिळतं. लिटरभर गरम पाण्याला ५० ते १०० ग्रॅम या हिशेबाने टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. बाहेर सांडलं तर रंग आणि क्रोम खराब होतो, तेव्हा टाकी परातीत ठेवा. सकाळी काळपट हिरवं पाणी निघेल आणि आत राखाडी पत्रा दिसेल. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा विसळा, म्हणजे आम्ल मरतं, मग साध्या पाण्याने. यानंतर घाई करा, कारण उघडा पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. वैशाखातल्या इंदूरच्या उन्हात टाकी तासाभरात खडखडीत वाळते. वाळल्या वाळल्या आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) फिरवा.

भोक असेल तर डागणी अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने फुटते, माणसं दगावतात. टाकी पाण्याने भरून, फक्त डागायची जागा कोरडी ठेवून काम करणारा कारागीर शोधा. ‘कुछ नहीं होता’ म्हणणाऱ्याला टाकी देऊ नका.

हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल चालतं का? तेल किती घालायचं?

बहुतेक पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे त्यावर चालवावीच लागते. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, फ्लोटची सुई, सगळं नवं घाला. गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला ४० मिली. १० लिटर पेट्रोलला ४०० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण टूलबॉक्सात ठेवा.

ठिणगी कधी येते, कधी येत नाही.

कॉइल बदलायला धावू नका. मॅग्नेटमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, बघा. इतक्या वर्षांत त्यांच्यावर काळा थर बसतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, पेट्रोलने पुसा, फट ०.३५ ते ०.४५ मिमी ठेवा. मग कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे. गाडी गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल तर संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर घ्या. प्लगचा रंग कॉफीसारखा असावा. पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे, गाडी तिथेच थांबवा.

कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की पुन्हा कधी मापात येत नाही. हवा मारा.

हेडलाइट मिणमिणता आहे.

सहा व्होल्टची गाडी आहे, थोडं तसं राहणारच. पण निम्मा दोष बहुधा अर्थिंगचा असतो. रंग दिल्यावर फ्रेमला वायर जिथे जोडली जाते तिथला रंग खरवडून उघडा पत्रा करा. सहा व्होल्टचे एलईडी बल्बही आता मिळतात. वाटी आणि काच मूळ राहते, उजेड वाढतो. रात्री हायवेवर मात्र मी ही गाडी नेत नाही.

रंग घरी द्यावा की पावडर कोटिंग करावं?

फ्रेम, स्टँड, चेनकव्हर अशा न दिसणाऱ्या किंवा मार खाणाऱ्या भागांना पावडर कोटिंग चांगलं. त्यात रंगाची भुकटी चिकटवून १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात, त्यामुळे टाकीवर आधी लांबी (पुट्टी) भरलेली असेल किंवा कथलाची डागणी असेल तर ती टिकत नाही. टाकी, मडगार्ड आणि साइड कव्हरला हाताने स्प्रे. पावसाळ्यात रंग देऊ नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम.

पावडर कोटिंगला देताना आटे, बेअरिंगच्या जागा आणि चेसिस नंबर यांच्यावर टेप लावायला सांगा. नंबरचं तर मी दहादा सांगेन. आमच्या फ्रेमवर मी टेप लावली होती, तिथल्या मुलाने सँडब्लास्ट करताना ती काढली आणि पुन्हा लावायचा विसरला. आकडे जाड थराखाली बुजले. आरटीओत नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात, तो उमटेना. थिनरमध्ये बुडवलेली सुती पट्टी नंबरवर बांधून, टूथब्रशने एकेक आकडा मोकळा करण्यात माझा अख्खा रविवार गेला. रंगाला देण्यापूर्वी नंबरचा फोटो आणि पेन्सिलची छाप घरी काढून ठेवा.

टाकीवरच्या सोनेरी रेघा स्टिकरच्या लावू नका. इंदूरच्या छावणी भागात जुने पेंटर आहेत, त्यांच्यापैकी एकाने आमच्या टाकीचं लाइनिंग केलं. सतरंजीवर टाकी ठेवली, पंखा बंद करायला लावला. खारीच्या केसांचा लांब कुंचला रंगात भिजवून पत्र्याच्या तुकड्यावर तीन-चारदा पुसला, करंगळी टाकीच्या कडेला टेकवली आणि टाकीला गुडघा टेकतो तिथपासून टोपणापर्यंतची वळणाची रेघ एका ओढीत आणली. हात नाही, सबंध खांदा सरकत होता. जवळून पाहिलं तर सुरुवातीला रेघ केसभर जाड आहे. मला ती तशीच हवी होती.

एक भाग मी रंगवलाच नाही. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी तेलरंगाने सर्व्हिसच्या तारखा लिहिल्या आहेत, पहिली १९७९ च्या दिवाळीतली. ते झाकण बाहेरून नवं आहे, आतून जसंच्या तसं.

क्रोमचं काय?

खरा गंज धरलेला असेल तरच पुन्हा करा. वरवरचे ठिपके ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासलं तरी जातात. द्यायचंच असेल तर खाली निकेलचा थर देणार का ते विचारा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. भाग मोजून, फोटो काढून द्या आणि मोजून घ्या.

कॅफे रेसर किंवा स्क्रॅम्बलर (जुन्या गाडीला देतात ती हौशी नवी रूपं) करून घ्यावी का?

यावर माझं मत पक्कं आहे. परत जोडता येईल तेवढंच बदला.

हँडल आखूड आणि सपाट हवं? घाला, जुनं कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. सीट बारीक हवी? मूळ सीटचा पत्रा कापू नका, नवा बेस बनवून त्यावर फोम आणि रेक्सिन चढवा. मी तसंच केलं. मागचं कॅरिअर काढलं, आरसे बदलले, टायर जरा खडबडीत घेतले. गाडी वेगळी दिसते, माझी दिसते. आणि एका दुपारीत पुन्हा बाबांची होते.

फ्रेमची शेपटी ग्राइंडरने कापायची मात्र नाही. मडगार्ड, सीट आणि मागच्या शॉकॲब्सचा भार त्याच भागावर येतो. कापून जोडलेली नळी डागणीच्या शेजारी कमजोर होते आणि मागे माणूस बसल्यावर खड्ड्यात त्याची परीक्षा होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही, इंजिन बदललं किंवा रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आणि आमची १९७९ ची गाडी २०२९ साली पन्नाशीची होईल. तेव्हा व्हिंटेज नोंदणी हवीशी वाटली तर ती मूळ रूपात असायला हवी. आज पाच मिनिटांत कापलेली नळी तेव्हा कुठून आणणार?

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर?

नको. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर ताकदीचा भाग आहे, तो बदलला की गाडी बसते. जुनाच साफ करा. आतली जाळीची नळी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवली की कार्बन सुटतो. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्या पाण्यात ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग टाकू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतो.

पीयूसी मिळते का?

मिळते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं. सायलेन्सर साफ असेल, तेल मापात असेल आणि गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून गरम नेली तर अडचण येत नाही.

हत्यारं कोणती लागतात?

रिंग पाने, गोटी पाने, एक चांगला इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर (इंजिनचे स्क्रू त्याशिवाय निघत नाहीत, डोकी खराब होतात), मॅग्नेट काढायचा पुलर, फीलर गेज, रबरी हातोडी. बाकी लागेल तसं घ्या.

ब्रेक घरी करता येतात का?

शू बदलणं सोपं आहे. पण जुन्या शूच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममध्ये फुंकर किंवा हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क ठेवा.

किती पैसे, किती दिवस?

आमच्याकडे रंग आणि क्रोम यांतच निम्मा पैसा गेला, इंजिनाला त्याहून कमी लागला. मनात जो आकडा असेल त्याच्या दीडपट बाजूला ठेवा. दिवसांचं म्हणाल तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम केलं तर एक वर्ष धरा. घाईने उघडलेली गाडी पोत्यात भरून विकली जाते, अशा दोन मी पाहिल्या आहेत.

नवीन पिस्टन बसवल्यावर पहिले दिवस कशी चालवायची?

पहिले ५०० किलोमीटर अर्ध्याहून जास्त रेस नाही, मागे कुणाला बसवायचं नाही, एकाच वेगाने फार वेळ नाही. दर दहा-बारा किलोमीटरला थांबवून गार होऊ द्या. मी रोज सकाळी बिजासन टेकडीपर्यंत जायची, तिथे दहा मिनिटं गाडी उभी करायची आणि परत यायची.

घाटात एक गोष्ट सांभाळा. या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरताना रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडलीत तर पिस्टन जोरात फिरत राहतो आणि त्याला तेल मिळत नाही. उतारावर अधूनमधून क्लच दाबा, रेस जराशी द्या, सायलेन्सरमधून निळसर धूर येताना दिसला की पुढे चला.